गच्चीचं दार आणि टाकीतलं राखीव पाणी

खानदेशातल्या जुन्या वस्तीत धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छताची, घरं भिंतीला भिंत लावून उभी. आग लागली तर शेजारच्या धाब्यावरून माणूस बाहेर पडे, विहिरीपासून बादल्यांची रांग लागे. जळगाव, धुळे, भुसावळात अपार्टमेंट आले आणि वीस-पंचवीस कुटुंबांना मिळून एकच जिना उरला.

बांधकामाचे नियम सांगणारी राष्ट्रीय इमारत संहिता १९७० ची. १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये ती सुधारली. १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत ती ‘उंच’ धरते. पण बांधकाम संपल्यावर लक्ष कोणी ठेवायचं? त्याचं उत्तर राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याने दिलं. अंमल ६ डिसेंबर २००८ पासून. जबाबदारी मालक-भोगवटादारांवर आली, सोसायटीत म्हणजे सेक्रेटरी-चेअरमनवर. परवानाधारक एजन्सीकडून आगीची यंत्रणा तपासून जानेवारी आणि जुलैमध्ये ‘फॉर्म बी’, म्हणजे ती चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यायचा.

आमच्या मते खानदेशासाठी एप्रिलची तिसरी तपासणी तितकीच गरजेची आहे. कारण आहे पाणी. गच्चीच्या टाकीत आगीसाठीचा पाइप तळाशी आणि घरगुती पाइप उंचावर असतो. घरगुती पाणी संपलं तरी खालचा साठा तसाच राहावा, एवढ्यासाठी ही रचना. नळाला दोन-तीन दिवसांआड पाणी येऊ लागलं की कोणीतरी प्लंबरकडून घरगुती पाइप खाली घेतो. मग जानेवारीचा फॉर्म बरोबर असतो आणि मे महिन्यात होज रील, म्हणजे आग विझवायची गुंडाळलेली नळी, कोरडी. टाकीवर चढून दोन्ही पाइपांची उंची टेपने मोजा.

फायर पंपाची वीजही बघा. तो इमारतीच्या मेन स्विचनंतर जोडला असेल, तर आगीत मेन बंद करताच पंपही बंद पडतो. त्याची लाइन मेनच्या आधीच स्वतंत्र काढलेली हवी. आग विझवायच्या पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात असूनही आत पावडर घट्ट बसलेली असू शकते, म्हणून महिन्यातून एकदा ते उलटसुलट करा.

सगळ्यात जास्त काळजी मीटरच्या जागेची वाटते. मीटर जिन्याखाली आणि त्याला लागून दुचाकी, हे चित्र सर्रास दिसतं. उन्हाळ्यात कूलर-एसीचा भार वाढून तिथे ठिणगी पडली की पेट्रोल पेटतं आणि सगळा धूर त्या एकाच जिन्यात चढतो. गच्चीचं दार बंद असेल तर तो वरच्या मजल्यावर कोंडतो. अशा वेळी वरच्यांनी जिन्यात उतरू नये. घराचं दार लावून फटीत ओली चादर कोंबावी, बाल्कनीतून हाक द्यावी, १०१ किंवा ११२ ला फोन करावा. दुचाकी मीटरपासून आजच हलवा, आणि गच्चीला कुलपाऐवजी आतून किल्लीविना उघडणारी कडी लावा.