माळवद, पत्रा, स्लॅब : मराठवाड्यातल्या तापलेल्या घरांची पार्श्वभूमी

उन्हाळ्यात रात्री दहा वाजता लातूर-धाराशिवकडच्या एखाद्या स्लॅबच्या घरात भिंतीला पाठ टेकवून बघा. दिवसभर शोषलेलं ऊन अजून बाहेर पडत असतं. पत्र्याचं घर लवकर निवतं, पण दुपारी तिथं क्षणभर थांबवत नाही. म्हणून लोक पत्र्यावर तुराट्या, पळाट्या (तुरीच्या आणि कापसाच्या वाळलेल्या काड्या), कडबा पसरतात, वर हिरवी जाळी बांधतात, संध्याकाळी पाणी मारतात. वाढत्या उन्हात घरं कशी असावीत, ही चर्चा आता कुठं सुरू झाली आहे. हे उपाय तिच्या आधीपासूनचे आहेत. याच भागात पूर्वी माळवदं, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं होती आणि भर दुपारी त्यांच्याखाली झोप लागत असे.

माळवद म्हणजे लाकडी खांब, त्यांवर तुळया आणि सर (तुळयांवरची आडवी लाकडं), वर किलचन (दाटीनं अंथरलेले लाकडाचे तुकडे), मग पाला आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. भिंती दगडमातीच्या, दोन-अडीच फूट रुंद. उजेडाला आणि धुराला छतात सवणं, म्हणजे झरोके. पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती टाकून चोपायची, ही वर्षाची ठरलेली कामं. पिढ्यान्‌पिढ्या हेच होत राहिल्यानं थर वाढत जायचा; दीड-दोन फूट माती डोक्यावर असलेली घरं सर्रास होती. त्या जाडीनंच घर थंड राहायचं आणि त्याच जाडीचा भार पुढं माणसांच्या अंगावर आला.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजायच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. जवळपास ८ हजार माणसं गेली, बहुतेक आपल्याच घराच्या ढिगाऱ्याखाली. त्यानंतर दगडमातीच्या घराची जी धास्ती बसली, ती ज्यांनी ते ढिगारे उपसले त्यांना समजावून घालवता येण्यासारखी नव्हती.

पण घरं नेमकी का पडली, हे नीट सांगायला हवं. भिंत बाहेरून एकसंध दिसायची, प्रत्यक्षात आतली आणि बाहेरची अशा दोन थरांची असायची. दोन्हींना बांधून ठेवणारे आरपार दगड जवळपास नसतच. धक्क्यासरशी थर सुटले, भिंत फुगली आणि कोसळली. जिथं खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा मजबूत होता, तिथं भिंती ढासळूनही काही माळवदं खांबांवर तशीच उभी राहिली. दोष प्रामुख्यानं भिंतीच्या बांधणीत आणि वरच्या अतिरिक्त भारात होता. माती हे साहित्यच वाईट, असा अर्थ त्यातून निघत नव्हता. लोकांनी मात्र तोच काढला.

सर्वाधिक नुकसान झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. जमिनीच्या प्रमाणात २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. सरळ रस्ते, काँक्रीट; एका गावात तर फेरोसिमेंटचे (तारेच्या जाळीवर सिमेंट थापून केलेले) घुमट. याच्या जोडीनं एक मोठा कार्यक्रम होता, ज्याची आठवण आज कमी काढली जाते : कमी पडझड झालेल्या जवळपास २ लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण. माळवदावरची माती उतरवून थर पातळ करायचा, खांब-तुळईच्या सांध्यांना तिरके टेकू द्यायचे, भिंतीत भोकं पाडून आरपार जोड घालायचे. उपाय साधे आणि स्वस्त होते. पण रक्कम आणि साहित्य हाती आल्यावर बहुतेकांनी जुनं घर तसंच ठेवून शेजारी एक ‘सुरक्षित’ खोली बांधली, बरेचदा पत्र्याची. नियमानं ती मुभा होती. माझ्या मते मराठवाड्याच्या घरांचं वळण इथं चुकलं. माळवद सुधारून टिकवण्याची ती खरी संधी होती.

या वळणाला बळ दिलं ते ‘पक्कं’ या शब्दानं. बोलण्यात पक्कं म्हणजे टिकाऊ. जनगणनेच्या वर्गवारीत मात्र ते भिंत आणि छत कशाचं आहे यावर ठरतं. पत्र्याच्या भिंती आणि पत्र्याचंच छत असलेलं घर तिथं कायमस्वरूपी. मातीच्या भिंतींचं, गवताच्या छपराचं घर तात्पुरतं, मग ते तीन पिढ्या उभं का असेना. २०१६ पासूनच्या ग्रामीण घरकुल योजनेची व्याख्या कागदावर बरीच चांगली आहे : नेहमीच्या वापरात आणि हवामानात, साधारण डागडुजीवर किमान ३० वर्षं टिकेल ते पक्कं. तिच्यात मातीला मज्जाव नाही. पण सपाट भागात मिळणाऱ्या १ लाख २० हजारांत, किमान २५ चौरस मीटरचं घर उठवताना गवंडी आणि लाभार्थी दोघंही विटा-स्लॅबकडेच वळतात. आत किती तापेल हा प्रश्न टिकाऊपणाच्या मोजमापात येतच नाही.

उन्हावर उतारा म्हणून कूलर आला. तो पाण्यावर चालतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. प्यायला पाणी नाही तिथं कूलरच्या टाकीत काय ओतणार?

दरम्यान अहमदाबादनं २०१० च्या भीषण उन्हाळ्यानंतर २०१३ मध्ये देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला आणि पुढं वस्त्यांतल्या छतांना पांढरा रंग देण्याचं काम हाती घेतलं. आता आपल्याकडेही स्लॅबवर चुना मारण्याचा सल्ला दिला जातो. तो जरूर घ्यावा. ऊन परतवण्याचा एवढा स्वस्त मार्ग दुसरा नाही.

गावात उरलेली माळवदं मात्र उतरवली जात आहेत. माती ट्रॉलीनं शेतात जाते, सागवानी सर आणि कोरीव खांब जुन्या लाकडाचा व्यापारी घेऊन जातो. माती चोपणारे हात थकले, त्यांची मुलं सेंट्रिंगच्या कामावर आहेत.