हळद लागते, पण पोचते का?

सोयाबीनच्या सोंगणीत विळ्यानं एकदाही बोट कापलं नाही असा माणूस आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात शोधावा लागेल. माझं कापलं तेव्हा मी आठवीत होतो. आजीनं चिमूटभर नव्हे, चांगली मूठभर हळद आणली आणि बोटावर धरली. "दाबून ठेव बाप्पा, थांबते रगत." थांबलं. आज मी फार्मसीच्या मुलांना शिकवतो आणि जाणतो, की रक्त बहुतेक दाबल्यानंच थांबलं असणार. हळदीचं काम असलंच तर त्यानंतरचं: सूज, जंतू, नवी कातडी धरणं. ते ती खरंच करते का, आणि करत असेल तर कशी, हा प्रश्न तेव्हापासून माझ्यासोबत आहे.

आमच्याच तालुक्यात वायगाव आहे, वायगाव हळद्या म्हणतात ते. तिथल्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यात ६ टक्क्यांच्या वर कुरकुमिन असतं, म्हणून तिचं नाव. हळदीला पिवळा रंग देणारं आणि बहुतेक औषधी गुण ज्याच्या नावावर आहेत ते द्रव्य म्हणजे हे कुरकुमिन. १८१५ साली ते पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं आणि त्याची रेणूरचना १९१० मध्ये उलगडली. म्हणजे ओळख जुनीच.

या द्रव्याचा स्वभाव मात्र आपल्या घरातच दिसतो. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो. हळदीत चुना कालवला तरी तेच. अल्कली लागली की कुरकुमिनचा रेणू बदलतो, म्हणून रंग बदलतो. तोच डाग उन्हात वाळत टाकला की उडून जातो, कारण प्रकाशात हा रेणू तुटतो. पाण्यात तो जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून वरणाला फोडणी देताना हळद तेलात टाकली की सगळं वरण पिवळं होतं, आणि नुसत्या पाण्यात टाकली की तळाशी गाळ बसतो. पाण्याशी पटत नाही, अल्कलीत टिकत नाही, उजेडात उडतो. औषध म्हणून घ्यायला याहून अवघड द्रव्य सापडणं कठीण, कारण आपलं शरीर बहुतांश पाणीच आहे आणि रक्त किंचित अल्कधर्मी.

१९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रक्ताइतक्याच अल्कधर्मी द्रावणात, शरीराच्या तापमानाला, अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के कुरकुमिन तुटून गेलं. द्रावणात रक्तातली प्रथिनं असली की ते जास्त टिकतं. पण रक्तापर्यंत पोचलं तर ना! २००६ साली अमेरिकेत निरोगी माणसांना अर्ध्या ग्रॅमपासून १२ ग्रॅमपर्यंत कुरकुमिनच्या गोळ्या देऊन पाहिल्या. ८ ग्रॅमपर्यंत कोणाच्याच रक्तात ते सापडलं नाही. ८ ग्रॅम म्हणजे किती? वायगावची हळद धरली तरी १३० ग्रॅमच्या वर भुकटी, साधी हळद असेल तर पाव किलो. आतडं आणि यकृत मिळून त्याला दुसरी द्रव्यं चिकटवतात आणि बाहेरचा रस्ता दाखवतात.

गुण असणं वेगळं आणि तो गुण जिथं हवा तिथं पोचणं वेगळं. वनौषधींवरचं आजचं पुष्कळ संशोधन या दुसऱ्या अर्ध्याचंच आहे.

एक उपाय मिऱ्याचा. १९९८ साली बंगळूरुच्या संशोधकांनी २ ग्रॅम कुरकुमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरिन, म्हणजे मिऱ्याचा तिखटपणा देणारं द्रव्य, दिलं आणि रक्तात पोचणारं प्रमाण २० पट झालं. हा आकडा आज प्रत्येक गोळीच्या डब्यावर दिसतो. डब्यावर दिसत नाही ते असं, की पायपरिन यकृताची ती द्रव्यं बाहेर काढणारी यंत्रणाच मंद करतं. फिटची किंवा दम्याची काही औषधंही त्याच वाटेनं बाहेर जातात, त्यांचंही रक्तातलं प्रमाण वाढतं. जास्त मात्रेच्या हळदीच्या गोळ्यांनी यकृताला इजा झालेले रुग्ण अमेरिकेत नोंदले गेलेत. भाजीतल्या हळदीची भीती नको. रोजची औषधं चालू असताना अशा गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

दुसरा उपाय गुंडाळण्याचा. आपल्या पेशींची भिंत ज्या स्निग्ध द्रव्यांची असते, त्यांचेच सूक्ष्म फुगे करून त्यात औषध भरायचं. याला लायपोसोम म्हणतात. कर्करोगाचं एक औषध अशा फुग्यांत भरून १९९५ सालापासून वापरात आहे. किंवा पीएलजीए नावाच्या पॉलिमरचे कण करायचे. नाव परकं वाटलं तरी वस्तू ओळखीची आहे: ऑपरेशननंतर काढावे न लागणारे, आपोआप विरघळणारे टाके याच जातीच्या द्रव्याचे असतात. पॉलिमर आणि कुरकुमिन एका द्रावकात एकत्र करायचं, ते ढवळत्या पाण्यात थेंबथेंब सोडायचं. द्रावक उडून जातो आणि केसाच्या जाडीच्या शेकडो पट लहान कण उरतात. पॉलिमर हळूहळू विरघळतं, तसं आतलं औषध बाहेर येतं. प्रयोगशाळेत असे कण पातळ पडद्याच्या पिशवीत बांधून द्रावणात सोडतात आणि ठरावीक वेळानं थोडं द्रावण काढून त्याचा पिवळेपणा यंत्रावर मोजतात. बाटल्यांना चंदेरी कागद गुंडाळावा लागतो, नाहीतर उजेडच प्रयोग बिघडवतो. नवी मुलं दरवेळी फसतात ती दुसऱ्याच ठिकाणी. पिवळेपणा कमी दिसला की ती म्हणतात, औषध बाहेरच आलं नाही. ते आलेलं असतं आणि तुटलेलंही असतं.

कुरकुमिनचा रंगच मोजमापात ढवळाढवळ करतो, अनेक चाचण्यांत खोटं यश दाखवतो. २०१७ सालच्या एका सविस्तर आढाव्यात रसायनशास्त्रज्ञांनी हे स्पष्ट लिहिलं, आणि माणसांवरच्या १२० हून अधिक चाचण्यांनंतरही काटेकोर चाचणीत ठरलेलं यश नाही, असंही. हळदीवर जीव असलेल्या मला ते वाचून वाईट वाटलं, पण ते खोडता येत नाही.

तरीही माझी नजर परत आजीच्या मुठीकडे जाते. १९९५ साली अमेरिकेत हळदीनं जखम भरण्याचं पेटंट दिलं गेलं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरनं, म्हणजे सरकारच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं, ते आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करवलं. हे ज्ञान जुनं आहे, हे त्यात सिद्ध झालं. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. जखमेवर लावलेल्या औषधाला आतडं, यकृत, रक्त यांतून जावंच लागत नाही. ते जिथं हवं तिथंच असतं. म्हणून कुरकुमिन भरलेल्या जेल, पातळ पट्ट्या, तंतूंच्या जाळ्या यांवरचं काम मला गोळ्यांपेक्षा जास्त आशेचं वाटतं. आमच्याकडे उन्हाळ्यात टाचा फुटतात, साखर वाढलेल्या म्हाताऱ्यांच्या पायाच्या जखमा महिनोन्‌महिने भरत नाहीत. अशा जखमेवर दोन-तीन दिवस थोडं थोडं कुरकुमिन सोडणारी, घाम आला तरी न सुटणारी, उन्हातही औषध जपणारी पट्टी हवी. अपारदर्शक पाठ लावली तर उजेडाचा प्रश्न सुटतो. घामाचा सुटायला वेळ लागेल.

तोवर डब्यातली भुकटी उघड्या जखमेत भरू नका. तिच्यात माती असते, जंतू असतात, आणि भेसळीची असेल तर शिशाचा पिवळा रंगही असू शकतो. विळ्यानं कापलं तर स्वच्छ फडक्यानं दाबून धरा, रक्त थांबलं की साबण-पाण्यानं धुवा आणि आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताची सुई घ्या. ती सुई मला तेव्हा आजीनंच दुसऱ्या दिवशी, बैलगाडीनं नेऊन, टोचून आणली होती.