हिंगोली छावणी

मराठवाड्यात कयाधू नदीकाठच्या हिंगोली गावी वसलेले, हैदराबाद कंटिंजेंट या फौजेचे ठाणे. १९०३ पर्यंत येथे फौज होती.

या फौजेचा पगार निजामाच्या खजिन्यातून निघे, पण हुकूम चाले तो इंग्रज अधिकाऱ्यांचा. हैदराबादचा रेसिडेंट, म्हणजे निजामाच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, हेन्री रसेल याच्या काळात उभी राहिलेली रसेल ब्रिगेड हे तिचे मूळ. याच ब्रिगेडने जानेवारी १८१९ मध्ये हटकर सरदार नोवसाजी नाईक याच्या नोवा येथील गढीला वेढा घातला आणि अखेर ती जिंकली. हटकरांची ही झुंज मराठवाड्याच्या इतिहासात दोन ओळींत उरकली जाते, हा तिच्यावर अन्यायच आहे.

छावणीभोवती बाजार भरला आणि बाजारामागून ठगही आले. निजामाच्या चाकरीतला इंग्रज अधिकारी मेडोज टेलर याने हिंगोलीच्या हरी सिंगची हकीकत लिहून ठेवली आहे. हा गावातला प्रतिष्ठित व्यापारी. मुंबईहून कापड आणायचे म्हणून त्याने मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडून परवाना घेतला. कापड खरे तर दुसऱ्याच व्यापाऱ्याचे, वाटेवर असलेले. हरी सिंगने तो व्यापारी, त्याचे नोकर आणि बैलवाले यांना मारले, माल त्याच परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीत राजरोस विकला. पकडल्यावर त्यानेच सांगितले म्हणून हे कळले. छावणीच्या बाजारातच अनेकांचे खून पडले होते आणि प्रेते पहाऱ्याच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरलेली होती. त्यांतले काही खड्डे उकरले तेव्हा टेलर स्वतः तिथे उभा होता. शेकडो बंदुकांच्या सावलीत वाटसरू असे नाहीसे होत होते आणि कुणाला पत्ता नव्हता.

फौजेचा खर्च निजामाला पेलला नाही. थकबाकी वाढत गेली आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या ताब्यात गेले. याच तहात पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ आणि चार तोफखाने असा फौजेचा आकडा ठरला. धाराशिव आणि रायचूर १८६० मध्ये परत मिळाले. वऱ्हाड मात्र १९०२ मध्ये वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने दिले गेले. ज्या फौजेपायी मुलूख गेला, ती दुसऱ्याच वर्षी ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली. हिंगोलीची छावणी उठली, कापसाची पेठ तेवढी राहिली.

छावणीच्या खुणा आता मोहल्ल्यांच्या नावांत सापडतात. पलटन म्हणजे पायदळाची वस्ती, रिसाला म्हणजे घोडदळाची. शिवाय तोफखाना, सदर बाजार आणि पेन्शनपुरा. चाकरी संपलेला शिपाई गावी न परतता इथेच घर बांधून राहिला, हे पेन्शनपुरा या नावावरूनच उमगते. रिसाला बाजारात घोडे नाहीत, तरी पत्ता सांगताना हिंगोलीकर आजही ‘रिसाल्यात’ असेच म्हणतो.