स्टीफनचं पंचक आणि त्याची फोटोग्राफी

स्टीफनचं पंचक म्हणजे महाश्व (पेगॅसस) तारकासमूहातला दीर्घिकांचा (गॅलेक्सींचा) एक घट्ट गट. महाश्वाचा चौकोन म्हणजे आपली पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदा, त्याच्या वायव्येला एनजीसी ७३३१ (एनजीसी ही दीर्घिका वगैरेंची एक यादी) ही ठळक दीर्घिका, आणि तिच्यापासून जेमतेम अर्ध्या अंशावर हा गट. एदुआर स्टीफनला तो मार्सेच्या वेधशाळेत ८० सेंमी आरशाच्या दुर्बिणीतून सापडला, साल बहुतेक ठिकाणी १८७७ देतात, काही नोंदींवरून १८७६ पण निघतं. हिक्सनच्या अशा घट्ट गटांच्या १९८२ च्या यादीत हा ९२ नंबरला आहे.

खरा घोळ ‘पाच’ या आकड्याचा. १९६१ मध्ये बर्बिज या खगोलशास्त्रज्ञ दांपत्याने रेडशिफ्ट (प्रकाशाचं लाल रंगाकडे सरकणं, त्यावरून दूर जाण्याचा वेग आणि अंतर काढतात) मोजला तर गटातल्या एनजीसी ७३२० चा वेग सेकंदाला ८०० किमीच्या आसपास, बाकीच्यांचा ५,७०० ते ६,७००, म्हणजे ७३२० साधारण ४ कोटी प्रकाशवर्षांवर आणि उरलेल्या चार २९ कोटींच्या आसपास. खगोलशास्त्रज्ञ हॉल्टन आर्प यांना हे मान्य नव्हतं, त्यांच्या मते पाचही एकत्रच आहेत आणि रेडशिफ्टवरून अंतर काढणंच चुकतंय. पण जेम्स वेब अंतराळ दुर्बिणीच्या २०२२ च्या फोटोत ७३२० मधले तारे सुटे सुटे दिसतात, त्यामुळे ती जवळची आहे हेच पटतं. गंमत म्हणजे बाजूची ७३२० सी धरली की खरे पाच परत भरतात.

सोलापूरहून हा गट ७४ अंशांपर्यंत वर चढतो, ऑक्टोबरच्या मध्यात रात्री साडेनऊच्या सुमारास. तेव्हा पाऊस आवरलेला असतो. शहरातून नाद सोडा, शहराच्या उत्तरेला नान्नजकडच्या एखाद्या ओळखीच्या शेतात जा, कारण ध्रुव इथे फक्त साडेसतरा-अठरा अंशांवर आहे आणि शहराच्या दक्षिणेला बसलात तर पोलर अलाइनमेंट (दुर्बिणीच्या स्टँडचा अक्ष ध्रुवाकडे लावणं) करताना तो नेमका शहराच्या उजेडात जातो. आठ इंची, १००० मिमी फोकल लेंथची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) आणि ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा घेतला तर अख्खा गट तीनशे-सव्वातीनशे पिक्सेलमध्ये बसतो, म्हणून गायडिंग (दुर्बीण ताऱ्यांच्या मागे अचूक फिरवत ठेवणं) नीट हवं. दोन-तीन मिनिटांच्या फ्रेम, एकूण चार-पाच तास, त्या एकावर एक रचून स्टॅक करायच्या. फ्लॅटसाठी (एकसारख्या उजेडाची फ्रेम, जिने धुळीचे डाग आणि कडांचा अंधार काढता येतो) नळीच्या तोंडावर पांढरं धोतर ताणून बांधा, सोलापुरी चादर नको, तिची नक्षी... ती अंगावर घ्या, पहाटे लागते. रंग फार ओढले नाहीत तर ७३२० निळसर आणि बाकीच्या पिवळट येतात, वर सांगितलेला वाद आपल्याच फोटोत दिसतो.

सेफर्टचं षटक हे दीर्घिकांचं आणखी एक झुबकं याच जातीचं, पण बरंच लहान. त्यातल्याही सहापैकी खरे चारच, एक मागची दीर्घिका आणि एक नुसता ओढला गेलेला ताऱ्यांचा पट्टा. ते मध्यरात्री डोक्यावर येतं मे महिन्यात, तेव्हा इथे रात्री गच्चीसुद्धा तापलेली असते आणि कॅमेऱ्याचं कूलिंग दमतं.