जुनी स्पोर्ट्स कार जपायची म्हणजे उभी ठेवायची?

‘जुनी स्पोर्ट्स कार रोज चालवू नका. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं इंजिन सुरू ठेवलं की पुरे,’ असा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. काळजीपोटीच दिला जातो, पण गाडीचं नुकसान करतो.

पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. पाच मिनिटांत इंजिन ऑइल पुरेसं तापत नाही, त्यामुळे ही वाफ थंड होऊन ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचते. मग आतून गंज. स्टार्टरने बॅटरीतून घेतलेला करंटही तेवढ्यात भरून निघत नाही.

ऑइल भरायचं झाकण उघडून आतली बाजू बघा. पिवळसर, सायीसारखा थर असेल तर ते बहुधा साचलेलं पाणी. (कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, कमी होत असेल तर मात्र लगेच मेकॅनिक गाठा.) रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मल्टिमीटरवर साधारण १२.६ व्होल्ट दाखवायला हवी.

१९८९ मध्ये आलेल्या माझदा एमएक्स-५सारखी साधी स्पोर्ट्स कार आजही रोज वापरता येते. अट एकच: रबराचं वय किलोमीटरवर मोजू नका. टायरवर ‘२३१८’ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी दिसली तरी तो टायर म्हाताराच. होज (रबरी नळ्या), टायमिंग बेल्ट (इंजिनाचा रबरी पट्टा) यांचंही तेच. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, ते हवेतला ओलावा शोषतं.