भुरी, डाऊनी आणि चित्रांची भाषा

तासगाव परिसरात नव्याने द्राक्षबाग लावणाऱ्या शेतकऱ्याला भुरी आणि डाऊनी या दोन रोगांतील फरक लवकर ओळखता यावा लागतो. भुरीत पानावर राखेसारखी पांढरट बुरशी पसरते. डाऊनीत पानाच्या वरच्या बाजूला तेलकट, पिवळसर डाग पडतो आणि दमट हवेत त्याच डागाच्या मागे, पानाच्या खालच्या बाजूला, पांढरी बुरशी येते. माहितीपत्रकातले असे वर्णन नुसते वाचून डागाचा रंग डोळ्यांपुढे उभा राहत नाही, तर नुसत्या छायाचित्रात दोन्ही रोगांत पांढरेच दिसते आणि पान उलटून पाहायला हवे, हे लक्षात येत नाही.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ ॲलन पेव्हिओ यांनी १९७१ च्या सुमारास असे मांडले की, आपले मन शब्द आणि प्रतिमा वेगवेगळ्या, परंतु परस्परांशी जोडलेल्या रूपांत साठवते. त्यामुळे एकच गोष्ट दोन्ही रूपांत शिकली, तर ती आठवण्याच्या वाटाही दोन होतात. पुढे अमेरिकेतील रिचर्ड मेयर यांनी सायकलचा पंप, मोटारीचे ब्रेक अशा यंत्रांचे कार्य समजावून देणारे प्रयोग केले. त्यांत मजकुराबरोबर भागांची नावे आणि हालचाल दाखवणाऱ्या आकृत्या पाहिलेल्या, विषयाची फारशी माहिती नसलेल्या विद्यार्थ्यांना नवे प्रश्न अधिक चांगले सोडवता आले.

मात्र चित्र कुठे आहे, याला फार महत्त्व आहे. पानाचे चित्र वर, त्यावर फक्त आकडे आणि त्यांचा खुलासा पत्रकाच्या तळाशी, अशी मांडणी आपल्याकडे सर्रास आढळते. वाचणाऱ्याला ‘तीन’ हा आकडा मनात धरून खाली जावे लागते, ओळ शोधावी लागते आणि पुन्हा वर यावे लागते. एका वेळी मोजक्याच गोष्टी पेलणारी कार्यकारी स्मृती या शोधाशोधीतच खर्च होते. ऑस्ट्रेलियातील शिक्षण-मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर आणि पॉल चँडलर यांच्या प्रयोगांत खुलासा आकृतीतच लिहिल्यावर शिकणे सुलभ झाल्याचे दिसले.

शोभेसाठी छापलेला टपोरा घड रोग ओळखायला काहीच मदत करत नाही, उलट लक्ष वेधून घेतो. ती जागा उलटलेल्या पानाच्या चित्राला द्यावी, असे मला ठामपणे वाटते. वर्षानुवर्षे बाग सांभाळलेल्या माणसाला मात्र चित्रातला डाग पुरतो. त्याच्यासाठी शेजारचा लांबलचक खुलासा अडथळाच ठरू शकतो, म्हणून नव्या आणि मुरलेल्या बागायतदारांसाठी पत्रके वेगवेगळी काढणे योग्य.