अस्सल सुटे भाग (फियाट 1100 व प्रीमियर पद्मिनी)

जुन्या मोटारीचे पुनरुज्जीवन करताना झिजलेल्या, गंजलेल्या किंवा पूर्वीच बदललेल्या भागांच्या जागी मूळ बनावटीचे भाग शोधून बसवण्याची प्रथा. प्रस्तुत नोंदीत कुर्ला (मुंबई) येथील कारखान्यातून बाहेर पडलेल्या फियाट 1100 व प्रीमियर पद्मिनी या मोटारींपुरता तिचा विचार केला आहे.

वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने प्रथम क्रायस्लर समूहाच्या व पुढे फियाटच्या गाड्या जुळवल्या. टॅरिफ कमिशनच्या (आयातशुल्कविषयक सरकारी आयोगाच्या) 1953 मधील शिफारशींनंतर निव्वळ जुळणीवर चालणाऱ्या कंपन्यांना येथे वाव उरला नाही आणि भाग टप्प्याटप्प्याने देशातच घडवणे क्रमप्राप्त झाले. 1954 च्या सुमारास आलेल्या ‘मिलेचेंतो’पासून (‘अकराशे’ या अर्थाचे फियाट 1100 चे इटालियन नाव) पुढे काही वर्षे इटलीहून आलेला व येथे घडलेला माल एकाच गाडीत शेजारी शेजारी दिसतो, तो यामुळेच.

‘अस्सल’ कशाला म्हणावे, यावरील मतभेदाचे मूळही याच संक्रमणात आहे. काही संग्राहक इटालियन भागालाच मूळ मानतात. दुसऱ्या मताप्रमाणे ती विशिष्ट गाडी ज्या वर्षी कुर्ल्याहून निघाली, त्या वर्षी तिच्यावर जो भाग बसवला गेला तोच अस्सल, मग तो कोठेही घडलेला असो. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण पहिले मानल्यास यांत्रिक विसंगतीच पदरी पडते. इटलीतील 1100 डी (1962) या मोटारीच्या एंजिनाच्या सिलिंडरचा व्यास 72 मिमी. व धारिता 1,221 घ. सेंमी. होती, त्याच नावाने 1964 च्या सुमारास भारतात आलेल्या गाडीत मात्र 68 मिमी. व्यासाचे 1,089 घ. सेंमी.चे एंजिन कायम राहिले. पिस्टनाची धाव दोहोंत 75 मिमी. असली, तरी एकाचा पिस्टन दुसऱ्यात चालत नाही. नंतरच्या इटालियन 1100 आर मध्ये 1,089 घ. सेंमी. पुन्हा आले, पण पुढील चाकांना डिस्क ब्रेक व जमिनीवरचा गिअर आला. पद्मिनीचा गिअर दीर्घकाळ स्टिअरिंगच्या खांबावरच होता. सारांश, नावावरून भाग मागवणे धोक्याचे. मोजमाप घेऊनच मागवावा.

बॉडीच्या भागांबाबतही असेच घडते. सुरुवातीच्या, बोलीभाषेत ‘डुक्कर फियाट’ म्हटल्या जाणाऱ्या गाड्यांची पुढची दारे मधल्या खांबावर टांगलेली असून ती उलटी उघडतात, त्यामुळे 1100 डी चे दार, बिजागरी वा कुलूप तेथे निरुपयोगी ठरते. हे टोपणनाव गाडीच्या गोलसर नाकाडावरून पडले, असे सामान्यतः मानतात. 1100 डी चे पुढे प्रीमियर प्रेसिडेंट (सु. 1972) व पद्मिनी (सु. 1974) असे नामांतर झाले. तेव्हा मुख्यतः नावाच्या पट्ट्या व बाह्य सजावट बदलली, म्हणूनच पद्मिनीची ग्रिल (पुढची जाळी) 1100 डी वर चढवून ती मूळची म्हणून खपवण्याचे प्रकार होतात. पद्मिनीचे उत्पादन 2000 मध्ये थांबले असे काही मानतात, तर काही 2001 हे वर्ष देतात.

बाजारात ‘कंपनी माल’ (न वापरलेला जुना साठा), भंगारातून काढलेला भाग आणि ‘डुप्लिकेट’ असे तीन प्रकार आढळतात. मुंबईत ऑपेरा हाउस परिसर, कुर्ल्याचा सीएसटी रोड व चोर बाजार ही शोधाची परिचित ठिकाणे होत. पद्मिनी टॅक्सीची अखेरची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव येथे झाली व वीस वर्षांच्या मर्यादेनुसार 2023 मध्ये ही टॅक्सी रस्त्यावरून गेली. निवृत्त टॅक्सींचे पत्रे व काचा उपयोगी पडतात. एंजिने मात्र बहुधा अनेकदा बोअरिंग केलेली (झिजलेले सिलिंडर कोरून रुंद केलेली) असतात.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 2021 च्या दुरुस्तीनुसार प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक जुने, मूळ स्वरूपात राखलेले व चॅसी, बॉडी किंवा एंजिनात भरीव फेरफार न केलेले खाजगी वाहन ‘विंटेज’ ठरते व त्याच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. एंजिनातील प्रत्येक बदल मात्र फेरफार मानणे योग्य नव्हे. शिसेविरहित पेट्रोल 2000 मध्ये देशभर लागू झाल्यानंतर शिशामुळे मिळणारे संरक्षण उरले नसल्याने कठीण धातूच्या व्हॉल्व्ह सीट (झडपांच्या बैठका) बसवण्याची शिफारस अनेक कारागीर करतात, आणि ब्रेकचे जुने ॲस्बेस्टॉसयुक्त अस्तर अस्सल असले तरी ते पुन्हा बसवू नये. दारांच्या रबरी बीडिंगचा (कडेच्या पट्ट्यांचा) जुना साठा कडक होऊन तडकत असल्याने तेथे नव्याने ओतलेली प्रतिकृतीच वापरतात.